नुसता जाळ की चवही? तुमचे तिखट अनुभव

कढीपत्ता:
काल भाचा अमेरिकेहून आला. चॉकलेटं निघतील म्हणून पोरं बॅगेभोवती गोळा, तर निघाली बोटभर बाटली. कॅरोलिना रीपर मिरचीचा सॉस. "आत्या, टूथपिकच्या टोकावर घे फक्त." मी कोल्हापूरची, मला टूथपिक? पोळीच्या तुकड्याला चांगला फासला. पहिले चार-पाच सेकंद काहीच नाही, उलट पिकल्या फळासारखा गोडसर वास. मग घशाकडून जे पेटत आलं! कान तापले, उचकी लागली, पदर नाकाला. भाचा व्हिडिओ काढतोय. भानावर आले तेव्हा आठवला आजीचा खरडा. तव्यातच मिरच्या-लसूण तांब्याच्या बुडानं रगडायची. तोही रडवायचा, पण रडत रडत अजून अर्धी भाकरी मागायचो. काल दुसरा घास कुणी मागितला नाही. येऊ द्या तुमचेही किस्से.

वऱ्हाडी_ठेचा:
कोल्हापूर आणि तिखट? सावजी खाऊन बघा एकदा, मग बोलू 😄

कढीपत्ता:
आलात का! वाटच बघत होते.

दुपारची_झोप:
पाणी प्यायलात ना? तिथंच चुकलं. मिरचीतलं जाळ करणारं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, आग तोंडभर पसरते फक्त. दूध किंवा दही. आणि बिया काढून उपयोग नसतो, तिखटपणा आतल्या पांढऱ्या शिरेत असतो. बाकी सविस्तर नंतर, कुकरची तिसरी झाली.

मिनू७८:
रीपर राहू दे, साध्या लवंगी मिरच्या चिरल्या, हात धुतले आणि डोळ्यातली लेन्स काढायला गेले. पुढचं लिहीत नाही.

दुपारची_झोप:
आई गं. हाताला आधी तेल चोळायचं, मग साबण.

बदलीवाला:
आसामात तेजपूरला तीन वर्षं होतो. शेजारच्या काकू भूत झोलकिया देठाला धरून उकळत्या वरणात बुडवायच्या, दोन हेलकावे, की बाहेर. तीच मिरची संध्याकाळी परत. वास असा की आम्ही भिंतीपलीकडे ताटं घ्यायचो. २००७ मध्ये गिनीजनं तिला जगातली सर्वांत तिखट ठरवलं, दहा लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं एकक) वर. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "मोजायला कशाला पाहिजे?" पुढे २०१३ ला रीपर आली, २०२३ ला पेपर एक्स, तिचा आकडा २६ लाखांच्या पुढे. आकडे वाढताहेत, पण त्या वरणाची सर कशाला येईल असं वाटत नाही. मला तर अख्खी मिरची खाण्याची पैज हा अन्नाचा अपमान वाटतो.

वऱ्हाडी_ठेचा:
+१. आमच्या भिवापुरी मिरचीवरही लिहा कुणीतरी.

हिंग_पुस्तर:
कढीपत्ता, थोडं उलटं बोलतो, रागवू नका. असा सॉस फासून खायचाच नसतो. हिंगाचा खडा चघळून हिंगाला नावं ठेवण्यासारखं झालं ते. मी पातेलंभर राजम्यात चार थेंब टाकतो. जाळ पातळ होतो आणि तुम्हाला आलेला तो फळाचा वास मागे राहतो. खरड्यालाही तेल, मीठ, भाकरी लागतेच की. नुसती मिरची आजीनंही दिली नसती.

कढीपत्ता:
हम्म. रागवायचं ठरवलं होतं, पण पटलं. रात्री पिठल्यात दोन थेंब टाकून बघते.

मिनू७८:
भाचा लग्नाचा आहे का?

कढीपत्ता:
आहे. पण असला आहेर आणणाऱ्याला मुलगी कोण देणार 😂

मिनू७८:
आमच्याकडे बेडगीवाली आहे, रंग भरपूर, तिखट बेताचं. विचारून बघते.

कढीपत्ता:
पिठल्याचा निकाल: कढई रिकामी. सासूबाई म्हणाल्या, "मिरची कुठली गं ही? वास वेगळाच आहे." बाटली मीठाच्या डब्यामागे लपवली आहे.

बदलीवाला:
व्हिडिओ कधी टाकताय?