मदत हवी आहे: धुळ्यात देवपूरला आई-नानांसाठी घर. जुनी कॉलनी, वाडीभोकर रोड की वलवाडीच्या पुढे?

नमस्कार मंडळी,

नाना जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली. साक्री तालुक्यात गावी घर आहे, शेत बटाईने दिलंय. गेल्या हिवाळ्यात रात्री दोन वाजता आईला दम लागला आणि गल्लीतल्या एका पोराच्या पिकअपमध्ये घालून तिला धुळ्याला आणावं लागलं. आता ठणठणीत आहे. पण त्या रात्रीनंतर आम्ही दोघा भावंडांनी ठरवलं की यांचं बिऱ्हाड धुळ्यात हलवायचं. मी पुण्यात, भाऊ सुरतला. आमच्याकडे यायला दोघंही तयार नाहीत. 'तुझ्या अकराव्या मजल्यावर मी काय कबुतर आहे का?' हे आईचं उत्तर.

धुळ्यात म्हणजे देवपूर, यावर घरात एकमत आहे. नानांचे निम्मे सहकारी निवृत्तीनंतर पांझरा नदीच्या पलीकडेच, म्हणजे देवपूरला, स्थिरावले. प्राध्यापक, डॉक्टर, बँकवाले असा खाऊन-पिऊन सुखी भाग. पण देवपूरला म्हणजे नेमकं कुठे, इथे गाडं अडलंय. बजेट 60 लाख, ताणून 65. तीन घरं पाहिली, आणि घरात तीन पक्ष पडले.

नानांचा पक्ष: जयहिंद कॉलनीच्या बाजूला दोन बेडरूमचा फ्लॅट, दुसरा मजला. खाली उतरलं की भाजी, मेडिकल, दत्त मंदिर चौक, सकाळच्या फेरीला जुनी मित्रमंडळी. राजवाडे संशोधन मंडळात जायचं तर रिक्षा दारात. लिफ्ट नाही. नानांचे गुडघे उत्तम आहेत. आईचे नाहीत, हा मुद्दा नाना पद्धतशीर गाळतात.

भावाचा पक्ष: वलवाडीच्या पुढे, गोंदूर रोडच्या आत एक नवा ले-आउट आहे, तिथला नवाकोरा बंगला. तेवढ्याच पैशात जवळपास दुप्पट जागा, गाडीला पोर्च, चकचकीत फरशी. चाळीसेक प्लॉट आहेत. मी मोजली, बांधून झालेली घरं अकरा, त्यातल्या चारांना कुलूप. मालक पुण्या-नाशकाला. दलाल म्हणाला, 'पाच वर्षांत भाव दुप्पट, आणि ताई, सगळी आपलीच माणसं आहेत इथे.' मी विचारलं, आपली म्हणजे कोणती? तो नुसता हसला. मला ते हसू आवडलं नाही, पण हे हसू तिन्ही ठिकाणच्या दलालांकडे होतं, म्हणून त्यावरून वलवाडीला नापास करत नाही.

आईचा पक्ष: वाडीभोकर रोडला आतल्या गल्लीत बारा-तेरा वर्षं जुनं रो-हाउस. खाली हॉल, स्वयंपाकघर, एक खोली. वर दोन खोल्या आणि गच्ची. आई पुढच्या दारातून शिरली ती थेट मागच्या दारी. तिथे कडुनिंब आहे आणि त्याखाली पाच-सहा फुटांची मोकळी पट्टी. 'इथे चूल बसते,' म्हणाली. आखाजीला (अक्षय तृतीयेला) खापरावरचे मांडे करता आले पाहिजेत आणि उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालता आले पाहिजेत, या दोन पेपरांवर ती घर पास-नापास करते. बाकी विषयांना तिच्याकडे मार्क नाहीत. अडचण अशी की घराचं तोंड पश्चिमेला. एप्रिल-मेमध्ये 43-44 अंशांत दुपारी चार वाजता तो हॉल काय होत असेल, विचार करा.

आता पाणी. वलवाडीकडच्या दलालाने 'बोअर आहे, टेन्शनच नाही' असं सांगून विषय संपवला. फ्लॅटवाल्यांनी 'सोसायटी बघते' म्हटलं. रो-हाउसच्या समोर एक आजी ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, 'आठे पानी आठ दिनमा येस, पन येस. बोअरना काय भरोसा नही.' (इथे पाणी आठ दिवसांनी येतं, पण येतं. बोअरचा काही भरवसा नाही.) आत आले तर स्वयंपाकघराच्या दारामागे मालकांचं कालनिर्णय टांगलेलं. त्यावर निळ्या पेनाने गोल केलेल्या तारखा. मला वाटलं गॅस किंवा दूध असेल. ते पाण्याचे दिवस होते. दोन गोलांमध्ये कुठे सहा दिवस, कुठे नऊ, एका ठिकाणी अकरा. काही गोलांशेजारी बारीक अक्षरात 'रात्री 2' असं लिहिलेलं. पोर्चखाली हौद आहे, मालक म्हणतात पाच हजार लिटरचा.

तर विचारायचं हे की दोन म्हाताऱ्या माणसांसाठी तुम्ही यातलं कुठलं ठिकाण घ्याल? वलवाडीकडे राहणाऱ्यांचा रोजचा अनुभव काय? आणि दलाल नसताना नेमकं काय बघून यायचं? पुढच्या रविवारी मी पुन्हा जाते आहे.

---

लळिंगचा_वारा
फ्लॅट आजच्या आज यादीतून काढा. आज गुडघे आहेत, उद्या स्ट्रेचर असेल. लिफ्ट नसलेल्या जिन्यावरून माझ्या वडिलांना खुर्चीत बसवून चौघांनी उतरवलं होतं, वळणावर खुर्ची अडकली होती. तो जिना मी विसरलेलो नाही.

बाकी दोन घरांत, तुमच्याच पोस्टमधली गोष्ट घ्या: रात्री दोन. दोन्ही ठिकाणी रात्री उशिरा जा आणि रिक्षा मिळते का बघा. दिव्याचे खांब मोजा, त्यातले पेटलेले किती ते बघा. कुत्री किती आहेत तेही. मग दवाखाना नदीच्या कोणत्या बाजूला आहे हा प्रश्न. पांझरेला पूर आला की कमी उंचीचे पूल बंद होतात आणि सगळी गर्दी मोठ्या पुलावर येते. 2019 च्या ऑगस्टमधलं पाणी धुळेकरांना आठवत असेल. म्हणून देवपूरच्याच बाजूला रात्री डॉक्टर असतो असा दवाखाना कुठला, आणि तिथे पोचायला दोन्ही घरांपासून किती मिनिटं लागतात, ते घड्याळ लावून बघा.

---

निवांत_नाशिक
पुण्याला न्या हो. कशाला हे सगळं?

---

धागाकर्ती
@निवांत_नाशिक, कबुतराचं वाक्य पुन्हा वाचावं ही विनंती.
@लळिंगचा_वारा, जिन्याचं वाचून दाखवलं. नाना काही बोलले नाहीत. म्हणजे मान्य आहे.

---

स्टॅम्पपेपर
ठिकाणाच्या चर्चेत कागद मध्येच आणतो, माफ करा. पण देवपूरच्या कडेच्या भागात ठिकाण आणि कागद वेगळे करता येत नाहीत.

वलवाडी, भोकर, नकाणे ही गावं 2018 च्या हद्दवाढीत शहरात आली. त्याआधी तिथे ग्रामपंचायत होती. त्यामुळे एकाच रस्त्यावर दोन जातींची घरं दिसतात. एक, एनए (बिगरशेती) आदेश आणि मंजूर ले-आउटवर रीतसर उभी राहिलेली. दुसरी, नुसत्या ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर विकली गेलेली. बाहेरून दोन्हींना सारखाच रंग. नमुना 8 ही कर-आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. 'घरपट्टी आमच्या नावावर आहे' यावर भाळू नका. गुंठेवारीत, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्यांनी तुकडे पाडून विकलेल्या जागेवरचं, पण नंतर नियमित करून घेतलेलं घर असेल तर त्याचं प्रमाणपत्र मागा. 2021 च्या दुरुस्तीने ती सोय 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना मिळाली. त्यानंतरचं काही त्यात बसवून देतो असं कुणी म्हणत असेल तर चहा पिऊन परत या.

बंगल्याच्या ले-आउटचा मंजूर नकाशा हातात घेऊन जागेवर उभे राहा. त्यात ओपन स्पेस दाखवलेली असते, ती प्रत्यक्षात कुठे आहे ते शोधा. ले-आउट आठपेक्षा जास्त प्लॉटचा असेल आणि जागाही 500 चौरस मीटरच्या वर असेल, आणि 2017 नंतर विकायला काढला असेल, तर महारेराचा (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नंबर हवा. रो-हाउसचा मंजूर बांधकाम नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. खोल्या नकाशात किती आणि उभ्या किती, हे तिथल्या तिथे जुळवा. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या नोंदींची तपासणी) तुमच्या वकिलाकडून घ्या, विकणाऱ्याच्या वकिलाकडून नको.

आणि घर एकट्या आईंच्या नावावर घ्या. महिलेच्या नावावर निवासी घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, एप्रिल 2021 पासून. दस्तात नानांचं नाव जोडलं की ती गेली. 60 लाखांवर सरळ 60 हजार वाचतात. नोंदणी फी कमाल 30 हजार. व्यवहार 50 लाख किंवा त्यावरचा असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना 1 टक्का टीडीएस कापून तुम्हालाच भरायचा असतो. हे बरेच जण विसरतात आणि मग नोटीस येते.

---

धागाकर्ती
आईच्या नावाचं वाचून आई म्हणाली, 'मग चूल कुठे मांडायची ते मीच ठरवेन.' तिने तसंही ठरवलेलंच आहे.

---

काळा_पाषाण
मी भूगोल शिकवायचो, म्हणून 'बोअर आहे, टेन्शन नाही' या वाक्यावर बोलतो. आपल्या जिल्ह्यात बेसाल्टच्या थरांना चिरत गेलेल्या उभ्या भिंती आहेत, भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. साक्रीकडून येताना माळावर दगडी बांध घातल्यासारख्या लांबच लांब रांगा दिसतात ना, त्याच. अशी भिंत जमिनीखालचं पाणी अडवते किंवा तिच्या भेगांतून वाहून नेते. त्यामुळे एका प्लॉटला भरपूर पाणी आणि पलीकडचा कोरडा ठणठणीत, हे इथे नवल नाही. शेजाऱ्याच्या बोअरवरून आपल्या बोअरचा अंदाज बांधू नये. बोअर किती फुटांचा, मोटर किती फुटांवर सोडली, आणि मे महिन्यात सलग किती वेळ चालते, हे तीन आकडे विचारा. तिसरा आकडा दलालाला माहीत नसतो, भाडेकरूला असतो. आणि एक बाटली भरून आणा, पाण्यावर डाळ शिजवून बघा. जड पाणी असेल तर कुकरच सांगेल.

---

पोर्चमधली_खाट
आम्ही वलवाडीकडे चार वर्षं राहतो. हवा छान, रात्री गच्चीवर झोप लागते, गाडी लावायला भांडण नाही. आम्ही नवरा-बायको दोघं नोकरीला. सकाळी नऊ ते सहा आमच्या गल्लीत चिटपाखरू नसतं, एवढं सांगते. सासूबाई आल्या होत्या, पंधरा दिवसांत म्हणाल्या की टीव्हीतल्या बायकांशी बोलून बोलून माझा घसा बसला. तुमच्या आईंना समोर लसूण सोलणाऱ्या आजी मिळाल्यात, त्या बजेटमध्ये धरा.

एक विचारू का? रो-हाउसच्या वरच्या मजल्याला बाहेरून जिना आहे का? असेल तर वर एखादं कुटुंब भाड्याने ठेवा. नर्स, शिक्षक, असं कुणी. भाड्यासाठी नाही. रात्री दोनला पाणी सोडलं तर कॉक फिरवायला आणि गरज पडली तर गाडी काढायला कुणी हवं.

---

धागाकर्ती
जिन्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रविवारी जाऊन आले, दलालाला न कळवता. लिहिते.

आधी वलवाडीच्या पुढे. ले-आउटचा नकाशा फोनवर होता. त्यातली ओपन स्पेस शोधायला अर्धा तास गेला, कारण नकाशात जिथे बाग आहे तिथे निम्म्या जागेवर तारेचं कुंपण घालून कुणीतरी मेथी लावली आहे आणि उरलेल्या निम्म्यात वाळूचे ढीग. एका भाडेकरूंनी बोअरचं सांगितलं: मेमध्ये वीस मिनिटं चालतो, मग दोन तास थांबावं लागतं. रात्री नऊला भाऊ चौकापर्यंत चालत गेला, रिक्षा मिळायला पंचवीस मिनिटं लागली. परत आला तो स्वतःच म्हणाला, 'नको.'

मग वाडीभोकर रोड. बाहेरून जिना आहे! लोखंडी, गंजलेला, पण आहे. मालकांनी मंजूर नकाशा काढला आणि आम्ही हॉलमध्ये फरशीवर पसरला. खालचा मजला तंतोतंत. वर मात्र नकाशात एक खोली आणि उभ्या दोन. मागची खोली नंतर चढवलेली आहे, हे त्यांनी लगेच कबूल केलं, म्हणाले मुलाच्या लग्नात बांधली. स्टॅम्पपेपर, हे नियमित होतं का, की किंमत पाडून घ्यायची? बँकेचा माणूस मोजायला येईल तेव्हा काय होईल? भोगवटा प्रमाणपत्र घर बांधलं तेव्हाचं आहे, म्हणजे त्यातही एकच खोली.

नाना बराच वेळ दिसेनात. समोरच्या ओट्यावर सापडले. आजींचे यजमानही निवृत्त गुरुजी निघाले, निजामपूरला होते. दोघं कुणाच्या तरी बदलीबद्दल भांडत होते, बदली 1994 सालची.

दुपारी चारला मुद्दाम हॉलमध्ये थांबले. पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर तव्यासारखी. कडुनिंब आहे तो मागे, पूर्वेला, म्हणजे काही उपयोगाचा नाही. तेव्हा स्टॅम्पपेपर यांच्या उत्तराची वाट बघताना बाकीच्यांनी एवढं सांगा: पुढच्या बाजूला पाच फूट जागा आहे, खाली हौद. तिथे झाड लावलं तर मुळं हौद फोडतील का? की हिरवी जाळी बांधून, वर वाळ्याचे पडदे सोडून भागतं?