रेकॉर्डिंगमध्ये चर्रचर्र, त्यात लाइटचा खेळ: मदत हवी आहे

मंडळी नमस्कार. अंबाजोगाईजवळच्या गावातून लिहितोय. आमच्या भजनी मंडळाची भारुडं घरीच रेकॉर्ड करतो. दोन माइक, यूएसबी इंटरफेस (माइकचा आवाज पीसीत नेणारी पेटी), ८ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप.

४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर बफर (पीसी एका वेळी आवाजाचे किती नमुने घेतो तो आकडा) १२८ ठेवला की पखवाजाच्या थापेबरोबर चर्रचर्र येतं. ५१२ केला तर स्वच्छ, पण हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज मागून ऐकू येतो आणि बुवांची लय सुटते. (बुवा चिडले की त्या दिवशीचं काम संपलंच.) वायफाय बंद करून पाहिलं, फारसा फरक नाही. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं (माइकचा आवाज पीसीतून न फिरवता थेट हेडफोनला देणारं) बटण आहे, पण दाबलं की आवाज दोनदा येतो. सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करायचं असतं का?

दुसरं दुखणं लाइटचं. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, ६०० व्हीएचा यूपीएस टूं टूं करतो आणि पीसी रीस्टार्ट. परवा अर्ध्या तासाची फाइल नंतर उघडेचना, सगळं भारूड पुन्हा. इन्व्हर्टरवर घेतलं तर माइकमध्ये गुणगुण शिरते.

आधी स्टॅबिलायझर घ्यावा, प्युअर साइन वेव्हचा (मेन लाइनसारखी गुळगुळीत वीज देणारा) यूपीएस, की सरळ सेकंडहँड लॅपटॉप? मला लॅपटॉपच बरा वाटतोय, बॅटरी तरी हाताशी. कुणी स्वतः करून पाहिलं असेल तर सांगा.