मीटरचा नाही, स्ट्रिपचा भाव आधी विचारा

ताई, साखर मोजायला दंडावर चिकटवायचा सेन्सर दर १४ दिवसांनी नवा घेणं परवडत नाही, मग बोट टोचून रक्तातली साखर मोजणारा स्वस्त ग्लुकोमीटर चालेल का, असं तुम्ही विचारलंत. चालेल. पण ५० स्ट्रिपच्या, म्हणजे रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्यांच्या, डबीचा भाव आधी विचारा, जनऔषधी केंद्रातही. मीटरचा खर्च एकदाच, स्ट्रिपचा कायमचा. त्या स्ट्रिप चोपडा-पारोळ्याला मिळतात ना, हेही बघा.

आपल्याकडे जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो आणि बहुतेक स्ट्रिप ३० अंशांपर्यंतच ठेवायच्या असतात. म्हणून डबी पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत नको. स्ट्रिप काढली की झाकण लगेच घट्ट लावा, दमट हवेनं आकडा चुकतो. केळी, आंबा हाताळला असेल तर हात धुऊन, पूर्ण कोरडे करून मगच टोचा; नाहीतर बोटावरची साखरच मोजली जाते.

फ्रिज नसेल तर वापरातली इन्सुलिनची बाटली कोरड्या डबीत घालून ओल्या मडक्यात ठेवा. बर्फाला टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

सगळ्यात जपायचं ते सिरिंजला. बाटलीवर ४० लिहिलंय की १०० (एका मिलीलीटरमध्ये इन्सुलिनची किती युनिट), ते वाचा आणि त्याच आकड्याची सिरिंज घ्या. ४० ची लाल टोपीची असते. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरलं तर डोस अडीचपट जातो, साखर एकदम उतरते आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. दुकानदारानं 'सारखीच आहे' म्हटलं तरी घेऊ नका.