दहा दिवस बंद घरात सहा जण: चमू निवडायची कशी?

अंबाझरी_ऑर्बिट

नमस्कार. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंतराळ क्लबने डिसेंबरच्या सुट्टीत दीर्घ मोहिमेसारखा बंदिस्त सराव ठरवला आहे. नागपुरात अमरावती रोडवर वाडीच्या पुढे तीन खोल्यांचं रिकामं घर मिळालंय, खोल्या साधारण १२ बाय १२ फुटांच्या. आत सहा जण, कॉलेजात नियंत्रण कक्ष, आणि संदेश दोन्हीकडे १० मिनिटं उशिरा पोचणार. बारा जणांनी नावं दिलीत. सगळ्यांना बिग फाइव्ह ही पाच स्वभावगुण मोजणारी व्यक्तिमत्त्व चाचणी द्यायची आणि गुणांनुसार वरचे सहा घ्यायचे, असा सध्याचा विचार आहे. हे बरोबर आहे का? आणि आत भांडणं होऊ नयेत म्हणून आधीपासून काय करावं?

मनोमापन_धरमपेठ

गुणांनुसार वरचे सहा घेऊ नका. या चाचणीत भावनिक अस्थिरता कमी असलेली बरी, एवढंच थोडं सरळ आहे. बाकीच्या चार स्वभावगुणांना 'जितकं जास्त तितकं चांगलं' हे गणित लागू पडत नाही. फार बहिर्मुख माणूस पहिले दोन दिवस घर जागतं ठेवतो, पण सहाव्या दिवशी बाकीच्यांना शांतता हवी असते तेव्हा त्याचाच त्रास होतो. फार जुळवून घेणारे सहा जण एकत्र आले तर चूक दिसूनही कोणी बोलत नाही.

काटेकोरपणाचं तर वेगळंच आहे. अंटार्क्टिकात हिवाळा काढणाऱ्या अमेरिकी तुकड्यांच्या अभ्यासात, सगळं जागच्या जागी हवं असा आग्रह कमी असलेले आणि हातून काही मोठं घडलं नाही तरी सहन करू शकणारे लोक जास्त चांगले टिकले. कारण समजण्यासारखं आहे. उपकरण बंद पडलं, चार दिवस काम थांबलं, की आग्रही माणूस दुसऱ्यांच्या ताटवाटीतल्या चुका काढायला लागतो. तुमच्या यादीत टॉपर मंडळी असतील तर हे आवर्जून तपासा.

आणखी एक अडचण. निवडीसाठी चाचणी आहे हे माहीत असलं की प्रत्येक जण 'मी शांत आहे' यावरच खूण करतो. म्हणून ती चाचणी निवड झाल्यावर, फक्त नोंदीसाठी घ्या.

निवडीचे दोन टप्पे ठेवा. पहिला गाळणीचा: दमा, झोपेचे विकार, बंद जागेची भीती, चालू औषधं. हे काम विद्यार्थ्यांनी करायचं नाही. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागातल्या डॉक्टरांना विनंती करा. क्लबला फक्त 'हरकत नाही' किंवा 'या वेळी नको' एवढंच कळावं, कारण कळू नये.

दुसरा टप्पा माणूस चमूत कसा वागतो ते पाहण्याचा. बारा जणांच्या सहा-सहाच्या दोन तुकड्या करून ४८ तासांची चाचणी घ्या. पुढच्या आठवड्यात तीन-तीन जण अदलाबदल करून पुन्हा तेच. यात प्रत्येक जण अकरापैकी आठ जणांसोबत राहून होतो. काम असं द्या की एकट्याला पुरं करताच येणार नाही: पाण्याचा छोटा पंप जोडायचा, आकृती एकाकडे, भागांची यादी दुसऱ्याकडे, वायरिंगचा क्रम तिसऱ्याकडे. कागद दाखवायचा नाही, फक्त बोलून सांगायचं. वेळ ४० मिनिटं, आणि २५व्या मिनिटाला बाहेरून एक सूचना बदला. खरा माणूस त्यानंतरच्या १५ मिनिटांत दिसतो.

दोन निरीक्षकांनी वेगवेगळं बसून मोजायचं: स्वतःची चूक आपणहून किती वेळा सांगितली, ऐकलेली सूचना परत म्हणून दाखवली का, गप्प बसलेल्याला विचारलं का, न सांगता राहिलेलं काम उचललं का, टोमणा किती वेळा मारला. शेवटी गुप्त चिठ्ठी: कोणत्या तिघांसोबत दहा दिवस राहाल आणि कोणासोबत जड जाईल. दुसरं उत्तर जास्त कामाचं असतं. एकाच माणसाचं नाव तिघांनी लिहिलं तर तो नको. फक्त एका जोडीचं पटत नसेल तर त्यातला एकच घ्या.

सहा जणांत १५ जोड्या होतात, त्या सगळ्या जुळणार नाहीत. धोका असतो तो सगळे फरक एकाच रेषेवर येण्याचा: तिघं मेकॅनिकलचे, तेच होस्टेलचे, तेच हिंदीत बोलणारे, तेच मांसाहारी, आणि समोरचे तिघं सगळ्यातच वेगळे. मग वाद भाजीचा असला तरी गट तेच पडतात. शाखा, भाषा, जेवण यांच्या रेषा एकमेकींना छेदतील अशी निवड करा. एकटी मुलगी किंवा एकटाच पहिल्या वर्षाचा विद्यार्थी नको. किमान दोघं हवेत.

रात्रपाळी_कंट्रोल

वरच्या उत्तराशी सहमत. पण प्रश्नात नियंत्रण कक्षाची चमू कोण निवडणार हे आलंच नाही, आणि अर्धी भांडणं तिथूनच सुरू होतात.

मॉस्कोतल्या 'मार्स-५००' या मंगळमोहिमेच्या बंदिस्त सरावात सहा जण ३ जून २०१० पासून ४ नोव्हेंबर २०११ पर्यंत, ५२० दिवस बंद होते. त्यांनी नोंदवलेले नियंत्रण कक्षाशी झालेले खटके आपसातल्या खटक्यांच्या सुमारे पाचपट होते. मानसोपचारतज्ज्ञ निक कानास यांनी मीर हे रशियन स्थानक आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक यांवरच्या चमूंच्या अभ्यासात हेच दाखवलं: आतला ताण बाहेरच्यांवर निघतो. ज्याच्यासोबत रात्री जेवायचं आहे त्याच्यावर चिडता येत नाही, म्हणून रेडिओवरच्यावर चिडतात. कक्षातल्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते मनाला लावून घेतात आणि उत्तरं तुटक होतात.

दुसरं कारण वेळापत्रक. अमेरिकेच्या स्कायलॅब अंतराळ स्थानकावरच्या 'स्कायलॅब ४' मोहिमेचे तिघं नोव्हेंबर १९७३ मध्ये गेले आणि ८४ दिवस राहिले. आधीच्या चमूच्या सरावलेल्या वेगाने त्यांना कामं लावली गेली, त्यामुळे ते सतत मागे पडत राहिले. त्यांनी 'संप' केला अशी गोष्ट सांगतात, ती खरी नाही. ३० डिसेंबरला जमिनीशी मोकळं बोलणं झालं, आणि त्यानंतर किरकोळ कामांना ठरावीक वेळ न देता यादी दिली गेली: सवडीने करा. तुम्हीही तेच करा. आंतरराष्ट्रीय स्थानकावर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी कामाचे साधारण साडेसहा तास, व्यायामाचे अडीच आणि झोपेचे साडेआठ तास धरतात. पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक कामाला अंदाजाच्या दीडपट वेळ द्या.

दहा मिनिटांच्या उशिरात एका प्रश्नाचं उत्तर यायला किमान २० मिनिटं लागतात. मंगळाबाबत एका बाजूचा उशीरच ३ ते २२ मिनिटं असतो, म्हणजे तुमचा आकडा योग्य आहे. संदेशाचा साचा ठरवून घ्या: क्रमांक, पाठवल्याची वेळ, एकच विषय, आणि शेवटी उत्तर आलं नाही तर काय करणार ते. उदाहरणार्थ: 'संदेश २३, १४:००. पंपातून गळती, मिनिटाला दहा थेंब. व्हॉल्व्ह बंद केला आहे. १४:२५ पर्यंत उत्तर नाही आलं तर वॉशर बदलतो.' हे शेवटचं वाक्य नसेल तर आतले ताटकळतात, पुन्हा विचारतात, आणि दोन उत्तरं एकमेकांत अडकतात. आणीबाणीचा फोन मात्र वेगळा आणि बिनाउशिराचा हवा.

माणसांचा हिशेब: दहा दिवस, ८ तासांच्या ३० पाळ्या, प्रत्येकीत दोघं म्हणजे ६० जागा. दहा जण असतील तर प्रत्येकाला सहा पाळ्या. पाळी बदलताना अर्धा तास दोन्ही जोड्या हजर हव्यात. आणि निवड न झालेल्या सहा जणांना निकालानंतर 'आता कक्षात बसा' म्हणू नका. कक्षाची कामं निकालाआधीच वाटा, त्यालाही तेवढाच मान द्या.

अंबाझरी_ऑर्बिट

खूप उपयोगी. दोन शंका: खिडक्या थर्माकोल आणि टेपने पूर्ण बंद करणार होतो, चालेल ना? आणि मोहिमेच्या तिसऱ्या चतुर्थांशात मनोबल खचतं असं वाचलं, म्हणजे सातव्या दिवशी काही खास ठेवायचं का?

देखभाल_हिंगणा

खिडक्या बंद करू नका भाऊ, हे ठामपणे सांगतो. तुमच्या तीन खोल्या, छत दहा फूट धरलं तर, सुमारे १२० घनमीटर होतात. शांत बसलेला माणूस तासाला साधारण १८ ते २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. सहा जणांचे ११५ लिटर, म्हणजे हवा पूर्ण अडवली तर तासाला ९०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ९०० भाग) वर भर. बाहेरची हवा सव्वाचारशेच्या आसपास असते. रात्रभरात डोकेदुखी, चिडचिड, झोपमोड. आणि तुम्ही ते 'स्वभावाचे दोष' म्हणून नोंदवाल. स्थानकावर हा वायू शोषणारी यंत्रं असतात, तुमच्याकडे नाहीत.

बाहेरचं दिसू नये एवढंच हवं ना? खिडकीपासून अर्धा फूट आत काळं जाड कापड टांगा, खिडकी उघडी ठेवा, एक्झॉस्ट चालू ठेवा. कार्बन डायऑक्साइडचा मीटर घेताना एनडीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने वायू मोजणाऱ्या) सेन्सरचाच घ्या. आकडा १२०० पीपीएमच्या वर गेला की दार उघडायचं, मोहीम गेली तरी चालेल.

आत गॅस सिलिंडर नको, इंडक्शन वापरा. ती २००० वॅटपर्यंत ओढते, घरगुती इन्व्हर्टरवर चालणार नाही. लाइट गेली तर दडपे पोहे, दशम्या, चटणी असं न शिजवता खाता येईल ते दोन दिवसांचं वेगळं ठेवा. भाजी मध्यम तिखट करा आणि सावजी मसाला वेगळ्या डब्यात द्या, ज्याला हवा तो घेईल. भांड्यांची पाळी लिहून भिंतीला लावा, कमांडरचं नावही त्यात हवं. पहिला खटका बहुतेक भांड्यांवरूनच होतो.

झोपायला प्रत्येकाला स्वतःचा कोपरा द्या. मार्स-५०० मध्येही प्रत्येकाला सुमारे ३ चौरस मीटरची वेगळी खोली होती. ६ बाय ६ फूट म्हणजे जवळपास तेवढंच. दोन खोल्यांत तीन-तीन कोपरे प्लायवूडने पाडा. नुसता पडदा आवाज अडवत नाही.

मनोमापन_धरमपेठ

तिसऱ्या चतुर्थांशाबद्दल: ही कल्पना बेख्टेल आणि बर्निंग या संशोधकांनी १९९१ मध्ये मांडली. पण मीर आणि स्थानकावरच्या नोंदींत कानास यांना ती दिसली नाही. दहा दिवसांत ती तपासताही येणार नाही. चमूला तर सांगूच नका. सांगितलं की सातव्या दिवशी सगळे एकमेकांकडे संशयाने बघतील.

त्याऐवजी रोज मोजा. सकाळ-संध्याकाळ तीन मिनिटांची प्रतिक्रिया-चाचणी: पडद्यावर आकडा आला की बटण दाबायचं, ३५५ मिलिसेकंदांहून उशीर झाला तर ती चूक धरायची. अपुरी झोप त्यात लगेच दिसते. सोबत एक चिठ्ठी: झोपेचे तास, थकवा, कामाचा बोजा, चमूशी जुळणं (हे तीन ० ते १० मध्ये), आणि 'आज सगळ्यात कमी कोणाशी बोललात?' पाचाहून जास्त प्रश्न ठेवू नका, नाहीतर चौथ्या दिवसापासून सगळीकडे सातच लिहिलेले सापडतील. चिठ्ठ्या डॉक्टरांकडे जाव्यात, कमांडरकडे नाही. आणि सरासरी काढू नका. मार्स-५०० मध्ये सहापैकी ज्या दोघांना ताण आणि थकवा सर्वांत जास्त होता, त्यांच्याच वाट्याला ८५ टक्के खटके होते. सरासरीत हे दोघं दिसत नाहीत.

संध्याकाळी १५ मिनिटांची बैठक: काय झालं, काय राहिलं, उद्या काय. कमांडरने सर्वांत शेवटी बोलायचं. कमांडर निवडताना कामात हुशार कोण यासोबत थकलेल्याची विचारपूस कोण करतं हेही पाहा. चमूचं एकजूट राहणं कमांडरच्या या आधार देण्याशी जोडलेलं आढळलं आहे.

कोणालाही कारण न सांगता कधीही बाहेर पडता येईल, हे संमतिपत्रात पहिल्या ओळीत लिहा. आणि दहाव्या दिवशी दार उघडल्यावर, एकत्र जेवायला बसण्याआधी, आतल्या सहाही जणांकडून आणि कक्षातल्यांकडून वेगवेगळं लिहून घ्या. एकदा गप्पा सुरू झाल्या की सगळ्यांच्या आठवणी एकसारख्या होतात.