माणूस आत असेल तर गॅसच्या व्हॉल्व्हला कुलूप हवंच

पॅनलदुरुस्ती:
बारा वर्षं गॅस सप्रेशनच्या, म्हणजे खोलीत गॅस सोडून आग विझवणाऱ्या यंत्रणांच्या एएमसीवर (वार्षिक देखभालीच्या कंत्राटावर) फिरतोय. माझं म्हणणं एवढंच, की कार्बन डायऑक्साइडची यंत्रणा असलेल्या खोलीत माणूस काम करत असेल, तर मुख्य व्हॉल्व्ह हाताने बंद करून कुलूप लावा आणि किल्ली त्याच्या खिशात द्या. पॅनल नुसतं 'मॅन्युअल'वर टाकून, म्हणजे गॅस आपोआप सुटणं बंद करून भागत नाही.

२८ जुलै १९९८ ला अमेरिकेत आयडाहोच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत विजेचं काम चालू होतं. यंत्रणा पॅनलवरून बंद ठेवलेली, सिलिंडर मात्र जोडलेलेच. ब्रेकर उघडताना गॅस सुटला आणि हूटर वाजलाच नाही. एक कामगार गेला, बाकीचे कसेबसे वाचले. टोकियोत शिंजुकूला १५ एप्रिल २०२१ रोजी तळघरातल्या पार्किंगमध्ये छताचे बोर्ड बदलताना हाच गॅस सुटून चौघे गेले.

आग विझवायला हा गॅस हवेत किमान ३४ टक्के भरतात. १७ टक्क्यांच्या वर गेला की माणूस मिनिटभरात संपू शकतो. वास नाही, रंग नाही, आणि हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून तळघरात साचून राहतो. एकजण पडलेला दिसला की दुसरा त्याला उचलायला धावतो आणि तोही तिथेच पडतो.

ट्रान्सफॉर्मररूम:
पटलं नाही. कुलूप काढायला विसरलं तर? आमच्याकडे असंच झालं होतं. काम संपलं, ठेकेदाराची माणसं गेली आणि व्हॉल्व्ह दीड महिना बंदच. ऑडिटला आलेल्या माणसाने हात लावून पाहिला तेव्हा कळलं. तेवढ्यात आग लागली असती तर गॅस सुटलाच नसता. भिंतीपलीकडच्या शेडमध्ये दोन पाळ्या चालतात, त्यांच्या जिवाचं काय? कुलपापेक्षा वर्क पर्मिट (कामाचा लेखी परवाना) नीट भरा आणि दारावर माणूस उभा करा.

पॅनलदुरुस्ती:
दादा, तुमची भीती खरी आहे. पण व्हॉल्व्हवर लिमिट स्विच बसवता येतो, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा की बंद ते पॅनलला कळवणारा स्विच. बंद असेपर्यंत पॅनलवर दिवा पेटलेला आणि बझर चालू. मग दीड महिना कोण विसरेल? जपानने टोकियोसारख्या अपघातांनंतर जुन्या यंत्रणांनाही बंद करायचा व्हॉल्व्ह सक्तीचा केला. पर्मिट कागदावर असतं, गॅस कागद वाचत नाही.

सर्व्हररूम:
मुळात जिथे माणसं बसतात तिथे कार्बन डायऑक्साइड लावताच कशाला? आमच्याकडे एफएम-२०० हा आग विझवायचा दुसरा गॅस आहे. सात-आठ टक्क्यांत काम होतं, तेवढ्या प्रमाणात श्वास कोंडत नाही. हे सोडून कुलपावर वाद कसला?

ट्रान्सफॉर्मररूम:
खर्च कोण देणार? आणि तो गॅसही ज्वाळेत सापडला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं, फुफ्फुसं जळतात. रशियाच्या 'नेर्पा' पाणबुडीत ८ नोव्हेंबर २००८ ला चाचणीत अग्निशमनाचा गॅस सुटून २० जण गेले. तिथे कार्बन डायऑक्साइड नव्हता, फ्रेऑन होता. हीच पाणबुडी २०१२ मध्ये 'आयएनएस चक्र' म्हणून आपल्या नौदलात आली.

पॅनलदुरुस्ती:
म्हणूनच म्हणतो, गॅस कोणताही असो, कुलूप हवंच. सर्व्हररूमदादांचा गॅस पुष्कळ बरा, नव्या बांधकामात तोच लावा. पण जुन्या तळघरांत उभे सिलिंडर काय उद्या उचलून नेणार आहेत?

माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. एका ऑफिसच्या यूपीएस रूममध्ये फॉल्स सीलिंगला ड्रिल मारताना धूळ उडाली, दोन्ही झोनचे धूर ओळखणारे डिटेक्टर लागले आणि हूटर सुरू झाला. गॅस सुटायला तीस सेकंदांचा वेळ. मी गॅस थोपवायचं 'अबॉर्ट' बटण दाबलं. ते बटण दाबून धरावं लागतं, सोडलं की मोजणी पुन्हा सुरू. आणि ते खोलीच्या आत. बाकी दोघं बाहेर पडताना शिडी दारात आडवी अडकली, कारण दार आत उघडणारं. मी बटणावर अंगठा ठेवून उभा, आणि समोर दोघं शिडी ओढतायत. व्हॉल्व्हला कुलूप असतं तर मी तिथे उभा राहिलोच नसतो.

ट्रान्सफॉर्मररूम:
लिमिट स्विचचं मान्य, उद्या प्लांट हेडशी बोलतो. पण किल्ली ठेकेदाराच्या माणसाच्या खिशात द्यायला मी अजून तयार नाही. तो पाळी संपली की घेऊन घरी जाईल.

पॅनलदुरुस्ती:
मग दोन कुलपं लावा, एक त्याचं आणि एक तुमचं. तुमचं शेवटी निघेल, आणि ते तुम्ही खोलीत फिरून पाहिल्यावर.