घरच्या संगणकावर दोन अँटिव्हायरस ठेवावेत का?

प्रश्न: विंडोज १० असलेल्या माझ्या संगणकावर विकतचा अँटिव्हायरस असतानाही, अधिक खबरदारी म्हणून मी आणखी एक मोफत अँटिव्हायरस बसवला. तेव्हापासून सोसायटीच्या सभेचे दोन पानी इतिवृत्त उघडायलाही अर्धा मिनिट लागतो आणि एकाने अडकवून ठेवलेल्या फाइलबद्दल दुसरा पुन्हापुन्हा इशारा देतो. दोन्ही ठेवणे योग्य आहे का?

प्रतिसाद १: नाही. सतत चालू असणारा अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडण्याच्या क्षणी मध्येच थांबवून तपासतो. असे दोन पहारेकरी एकाच दारात उभे केले, की ते एकमेकांच्याच झडत्या घेऊ लागतात. म्हणूनच दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस बसवल्यावर विंडोजसोबतच येणारा अँटिव्हायरस, विंडोज डिफेंडर, सहसा आपणहून बाजूला होतो. मोफत असलेला काढून टाका.

प्रतिसाद २: सहमत आहे, परंतु हा आक्षेप सतत चालणाऱ्या दोघांपुरताच आहे. शंका आल्यावर स्वतः चालवायचा मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर जोडीला वापरण्यास हरकत नाही. तो डाउनलोड केल्यापासून १० दिवसच चालतो, त्यामुळे नंतर नवा घ्यावा लागतो. एखादीच फाइल संशयास्पद वाटल्यास व्हायरसटोटल या संकेतस्थळावर अनेक अँटिव्हायरसांकडून तपासून घेता येते (बँकेची कागदपत्रे मात्र तेथे चढवू नयेत, कारण ती इतरांच्याही हाती जाऊ शकतात).

प्रश्नकर्ता: मोफत अँटिव्हायरस काढून संगणक पुन्हा सुरू केला. इतिवृत्त लगेच उघडले. आभारी आहे.