यंत्रमागाच्या ड्रायव्हरसाठी थ्रेड कसा तयार करावा?

प्रश्न: सोलापुरातील एका टॉवेल कारखान्यात यंत्रमागांच्या फेऱ्या मोजणारे कार्ड आम्ही लिनक्स संगणकाला जोडत आहोत. नोंदी साठवणाऱ्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये थ्रेड (प्रोग्रामच्या आत स्वतंत्रपणे चालणारे काम) तयार करण्यासाठी पीथ्रेड_क्रिएट वापरले आहे. कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, थ्रेड कसा तयार करावा?

पहिले उत्तर: पीथ्रेड_क्रिएट हे सी लायब्ररीचे फंक्शन असून कर्नलमध्ये, म्हणजे ड्रायव्हर जिथे चालतो त्या लिनक्सच्या गाभ्यात, ती लायब्ररी नसते, तेथे केथ्रेड_रन वापरावे. कर्नल थ्रेडला अ‍ॅप्लिकेशनची मेमरी आपोआप उपलब्ध नसते, आणि ६४-बिट इंटेल संगणकावर त्याचा स्टॅक (फंक्शनमधील तात्पुरत्या डेटाची जागा) साधारणपणे १६ केबी असतो, तर अ‍ॅप्लिकेशनच्या थ्रेडला बहुधा ८ एमबी मिळतो. म्हणून मोठे अ‍ॅरे स्टॅकवर ठेवू नयेत, असा माझा आग्रह आहे. थ्रेडच्या लूपमध्ये केथ्रेड_शुड_स्टॉप तपासावे आणि मॉड्यूल (कर्नलमध्ये घातलेला ड्रायव्हरचा कोड) काढताना केथ्रेड_स्टॉप वापरावे, अन्यथा मेमरीतून निघून गेलेला कोड चालवण्याच्या प्रयत्नात संपूर्ण संगणक बंद पडू शकतो.

दुसरे उत्तर: मुळात कायमस्वरूपी थ्रेड हवा का, हे आपण आधी ठरवावे. कार्ड इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत, म्हणजेच आयआरक्यू) देत असेल, तर तो आल्यावर थ्रेडमध्ये काम करवून घेणारे रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू पुरेसे ठरते, आणि नंतर केले तरी चालणारे काम वर्कक्यूकडे (कर्नलमधील कामांच्या रांगेकडे) सोपवता येते. डेटाबेसचे काम मात्र अ‍ॅप्लिकेशनमध्येच राहू द्यावे.

तिसरे उत्तर: विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये पीएसक्रिएटसिस्टिमथ्रेड असते, ते पॅसिव्ह लेव्हलवरच (इंटरप्टच्या सर्वांत खालच्या प्राधान्य-पातळीवरच) बोलवावे लागते. छोट्या कामांसाठी तेथेही वर्क आयटम (रांगेत टाकलेली कामे) अधिक योग्य ठरतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. कार्ड इंटरप्ट देते, त्यामुळे थ्रेडेड आयआरक्यूनेच सुरुवात करतो.